शंभर मोहरांची मोटारसायकल

फार जुनी गोष्ट आहे. राजे अजून मुकुट घालत होते, पण शिकारीला मोटारसायकलवर बसून जात होते, तेव्हाची. असा काळ कधी होता का, हे मला विचारू नका. गोष्ट ऐका.

त्या राज्यातल्या एका गावात एक घाणेवाला राहत होता. त्याच्याकडे तेलाचा एक लाकडी घाणा होता, तो ओढणारा एक बैल होता आणि आजोबांच्या वेळची एक हिरवी मोटारसायकल होती. त्या वर्षी बैल म्हातारपणानं गेला. बैल नाही तर घाणा फिरत नाही, आणि घाणा फिरला नाही तर चूल पेटत नाही. म्हणून नवरा-बायकोनं ठरवलं, मोटारसायकल विकायची आणि बैल आणायचा. इतकं साधं काम होतं. दोन दिवसांत उरकलं असतं.

गावात एक पारखी आजी होती. जुन्या गाड्यांची किंमत सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं गाडी उन्हात आणायला लावली. टाकीत बोट फिरवून गंज पाहिला, इंजिनावरचा नंबर पदरानं पुसून वाचला, किक मारायला सांगून आवाज ऐकला. रंग मूळचा आहे, हे चांगलं, असं ती म्हणाली. पण पुढचा दिवा दुसऱ्याच गाडीचा होता आणि सीट उंदरांनी कुरतडली होती.

"बावीस मोहरा," आजी म्हणाली. "गिऱ्हाईक गरजू असलं तर चोवीस. बैल पंधराला मिळतो. देऊन मोकळा हो."

घाणेवाल्याचा चेहरा उतरला. "आजी, नदीपलीकडं अशीच गाडी शंभर मोहरांना गेलीय."

"दिल्या कुणी?"

"सगळेच सांगतात."

"मागितलेला भाव कुणीही सांगेल, बाबा. दिलेला भाव सांग."

यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. हा गप्प बसला नाही. आजीला आता नीट दिसत नाही, असं त्यानं गावभर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचक्रोशीतली सुईण आली. बाळंतिणी तिची वाट बघत तळमळायच्या आणि ही चालत चालत पोहोचेपर्यंत कधी कधी उशीर व्हायचा. तिला गाडी हवी होती. पदरात बांधून आणलेल्या चोवीस मोहरा तिनं ओट्यावर ठेवल्या. याहून एकही जास्त नाही, हे तिनं खरं खरं सांगून टाकलं. घाणेवाल्यानं मोहरांकडे पाहिलंसुद्धा नाही. शंभर, म्हणाला. सुईणीनं मोहरा उचलल्या, तांब्याभर पाणी प्यायली आणि निघून गेली.

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मला तर त्या ओट्यावरच त्याचे कान उपटावेसे वाटतात. पण तिच्यापुढे काम पडलं होतं. लोकांनी करडई आणून टाकली होती, ती गाळून द्यायची होती. तिनं पदर खोचला, बैलाचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि घाणा ओढायला लागली.

आणि नवरा? नवरा पुरावा शोधायला निघाला. शंभर मोहरा देणाऱ्या माणसाला गाठायचं, त्याला आजीपुढे उभं करायचं आणि तिचं तोंड बंद करायचं, असा त्याचा बेत. गेला तोही त्याच मोटारसायकलवर, म्हणजे वाटेत चार लोक गाडी बघतील.

नदीपलीकडच्या गावात लोक म्हणाले, हो, शंभराला गेली, पण इथं नाही, टेकडीखालच्या गावात. टेकडीखालचे म्हणाले, गेली खरी, पण ती तळ्याकाठच्या गावात. तळ्याकाठी त्यांनी आणखी पुढचं गाव दाखवलं. गाडी विकलेली कुणी पाहिली नव्हती. घेणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आकडा मात्र प्रत्येकाला तोंडपाठ होता.

शेवटच्या गावात पिंपळाखाली एक म्हातारा दोर वळत बसला होता. त्यानं हसून मान हलवली.

"गेली कुठली? अहो, नदीपलीकडं कुणी घाणेवाला आहे म्हणे. हिरवी गाडी आहे त्याच्याकडं. मागल्या दसऱ्याच्या बाजारात तो सगळ्यांना सांगत होता, शंभराच्या खाली देणार नाही म्हणून. लोकांनी त्याची 'गेली' करून टाकली."

घाणेवाल्याला तो बाजार आठवला. आपण काय काय बोललो होतो तेही आठवलं. तो गाडीवर बसला आणि घराकडे सुसाट निघाला. सुईण अजून घेईल, चोवीसला घेईल, बावीसला घेईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एवढ्या भटकंतीत इंजिनातलं तेल संपत आलं होतं, ते बघायचं मात्र सुचलं नाही. जन्मभर तेल काढणाऱ्या माणसाला! अर्ध्या वाटेत खडखडाट झाला आणि इंजिन जाम झालं.

तीन दिवस गाडी ढकलत तो गावात पोहोचला. सुईणीनं दुसरीकडून गाडी घेतली होती. आजीनं इंजिनाला नुसता हात लावला. "आता मोडीत जाईल," ती म्हणाली. "तीन मोहरा."

तीन मोहरांत बैलाचं शेपूटही येत नाही.

तो घरी आला तेव्हा बायको घाणा ओढत होती. तिच्या खांद्याची कातडी सोलवटली होती. ती थांबली, तिनं जू काढलं आणि त्याच्या पुढे धरलं.

"अहो, शंभर मोहरा देणारा येईपर्यंत आता तुम्ही ओढा."

त्यानं जू खांद्यावर घेतलं. तो आजही ओढतो आहे म्हणतात, आणि तेल चांगलं निघतं.

तात्पर्य: वस्तूची किंमत आपण मागतो ती नसते, घेणारा समोर उभा राहून मोजतो तीच असते.