हणमंताचं नाव पत्रिकेत

एका शहरात एक भोळा दोरीवाला होता. शहर म्हणायचं ते आपलं आम्हीच, एस.टी.चा कंडक्टर अजून गावच म्हणतो. दोरीवाल्याचं नाव हणमंत टिपरे. बाजारात त्याचं दोऱ्या आणि खराट्यांचं दुकान होतं, आणि मनात एकच हौस होती. नगरस्मृती मंडळाच्या पत्रिकेत आपलं नाव छापून यावं.

हे मंडळ म्हणजे आमचा अभिमान. जुन्या नगराध्यक्षांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या करायच्या, एवढंच त्याचं काम. नव्यांकडून फारशी आशा नसल्यामुळे आम्ही जुन्यांवर जीव लावून होतो. पत्रिकेच्या तळाशी 'व्यवस्था' असं छापलेलं असे आणि त्यापुढे कुणाचंतरी नाव. हणमंताची बायको सरूबाई म्हणे, "अहो, तिथं एकदा तरी तुमचं नाव येऊ द्या. मी माहेरी मामांना पाठवीन. त्यांना वाटतं, तुम्हाला इथं कुणी ओळखतच नाही."

हणमंत मंडळाच्या चिटणिसांकडे गेला. चिटणीस आबा कुलथे, निवृत्त हेडमास्तर. आबा म्हणाले, "आधी काम दाखव. नावाचं मग बघू."

पहिलं काम निघालं दादासाहेबांच्या पुतळ्याचं. दादासाहेब म्हणजे आमचे पहिले नगराध्यक्ष. आबा म्हणाले, "उद्या पुण्यतिथी आहे. पुतळा नीट कर. घरच्या वडीलधाऱ्यासारखी काळजी घे."

हणमंतानं घेतली. ऊन पाण्यानं आंघोळ घातली, टाळूवर तेल जिरवलं. दगडात ते जिरेना, म्हणून आणखी ओतलं. थंडीचे दिवस होते, म्हणून वडिलांची कानटोपी घातली आणि मफलर गुंडाळला. शेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'दादासाहेब'.

सकाळी पाहुण्यांनी कानटोपीला हार घातला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आबांनी मात्र हणमंताला बाजूला घेतलं.

"अरे, तो माणूस आहे का? दगड आहे तो! बादलीभर पाणी मारायचं, खराट्यानं खसाखसा घासायचं, झालं! आणि फळ्यावर नुसतं दादासाहेब? तुझ्या वर्गात होते का ते? मंडळात मोठ्या माणसाचं नाव लिहिताना आधी 'कै.' लावायचं. मान राखायला शिक!"

"शिकतो, आबा," हणमंत म्हणाला, आणि शिकला.

पुढचं काम होतं तात्यासाहेबांच्या तसबिरीचं. तात्यासाहेब दुसरे नगराध्यक्ष. त्यांची रंगवलेली तसबीर वाचनालयात लावायची होती. हणमंतानं बादलीभर पाणी मारलं आणि दुकानातला नवाकोरा खराटा घेऊन खसाखसा घासलं. आधी मिशा गेल्या. मग नाक गेलं. शेवटी पगडी आणि खुर्चीचे हात तेवढे उरले.

पाहुणे भाषणात म्हणाले, "तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरचं तेज पाहा!" आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आम्हाला ते दिसलंही.

आबा घरी जाऊन डोक्याला फडकं बांधून पडले. हणमंत बघायला गेला, तेव्हा उठून बसले.

"तसबिरीला पाणी लावतात का रे, गाढवा? मंडळाची एक रीत आहे. चंदनाचा टिळा लावायचा, हार घालायचा, समोर उदबत्ती लावायची. वरून मखमली पडदा सोडायचा. पाहुण्यांनी दोरी ओढली की पडदा बाजूला. मग सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, चपला काढून, मान खाली घालून. आणि उभं असताना तोंड उघडायचं नाही. काय विचारायचं ते नंतर!"

"आणि पत्रिकेत नाव?"

आबांनी फडकं पुन्हा बांधलं.

घरी सरूबाईनं हे ऐकलं. तिनं हौसेनं भिंतीवर लावलेली मंडळाची जुनी पत्रिका काढून डब्यात ठेवली. हणमंताला ते फार लागलं. पुढच्या खेपेला रीत चुकायची नाही, असं त्यानं मनाशी घट्ट ठरवलं.

पुढची खेप होती बापूसाहेबांची. बापूसाहेब हे तिसरे नगराध्यक्ष आणि धडधडीत हयात. नव्वदी ओलांडलेली, पण काठी घेऊन बाजारात फिरणारे. त्यांचा सत्कार ठरला. आबा पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले आणि जाताना म्हणाले, "बापूसाहेब आधी येतील. त्यांना स्टेजवर बसव. बाकी मंडळाच्या रीतीप्रमाणे."

हणमंतानं बापूसाहेबांना खुर्चीत बसवलं. चंदनाचा टिळा लावला. हार घातला. पुढ्यात उदबत्ती लावली. मग वरून मखमली पडदा सोडला.

आतून आवाज आला, "बाळ, वीज गेली का?"

"पाहुणे आले की येईल, बापूसाहेब."

आमच्याकडे वीज अशीच येत असल्यामुळे बापूसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते निवांत झोपले.

सभागृह भरलं. पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला, आणि टिळा लावलेले, हार घातलेले, डोळे मिटलेले बापूसाहेब आम्हाला दिसले. हणमंतानं चपला काढल्या आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याला बघून पहिली रांग उठली. पहिलीला बघून दुसरी उठली. "कालच तर वांगी घेताना दिसले होते हो," असं कुणीतरी हळहळलं. पण बसून राहायची हिंमत कुणालाच झाली नाही. आबासुद्धा उभे राहिले.

तेवढ्यात उदबत्तीचा धूर नाकात गेला आणि बापूसाहेब सणसणीत शिंकले. पहिली रांग तिसऱ्या रांगेच्या अंगावर जाऊन पडली.

बापूसाहेबांनी डोळे उघडून सगळीकडे पाहिलं. "माझ्या अख्ख्या कारकिर्दीत सभा एवढी शांत कधी झाली नाही," ते म्हणाले. "ही व्यवस्था कुणाची?"

आबांनी दात ओठ खात हणमंताकडे बोट दाखवलं.

"मग याचं नाव पत्रिकेत छापा," बापूसाहेब म्हणाले.

बापूसाहेबांचा शब्द मोडायची आबांची छाती नव्हती. पुढच्या जयंतीच्या पत्रिकेत त्यांनी तळाशी नाव घातलं आणि हणमंतालाच छापखान्यात पाठवलं. "नजर टाकून ये. कुणाचा मान राहून जायला नको."

हणमंतानं नजर टाकली. तळाशी लिहिलं होतं, 'व्यवस्था : हणमंत टिपरे'. नुसतंच! आता आपण मंडळातले मोठे माणूस, आणि नाव असं उघडंबोडकं? त्यानं छापखानेवाल्याकडून पेन मागून घेतलं आणि नावाआधी व्यवस्थित 'कै.' लावलं. वर आबांचंही नाव तसंच उघडं होतं. पण आबांना त्यानं काही लावलं नाही. इतका ओरडा खाल्ल्यावर एवढा राग तर कुणालाही येईल.

पत्रिका गावभर गेल्या. सरूबाईनं न वाचताच पहिली सकाळच्या एस.टी.नं मामांना पाठवली. दुपारी ती आनंदानं शिरा करायला बसली आणि हणमंत दूध आणायला गेला.

आता, छापलेलं खोटं असतं असं आमच्या शहरात कुणी मानत नाही. दूधवाल्यानं पत्रिका वाचत वाचत हणमंताला दूध दिलं आणि डोळे पुसत त्याच्या घराकडे निघाला. बाजार बंद झाला. मामा मिळेल त्या गाडीनं आले. सरूबाई हसतमुखानं सगळ्यांना शिरा वाढत होती. "धक्का बसलाय बिचारीला," बायका म्हणाल्या, आणि रडत रडत शिरा खाल्ला. मग आबा उठले. चूक छापणाऱ्याची असेल, हा विचार त्यांच्याही डोक्यात आला नाही. ते म्हणाले, "दोन मिनिटं उभे राहू या."

हणमंत दूध घेऊन रमतगमत परतला तो नेमका तेव्हा. अंगणभर माणसं मान खाली घालून उभी. त्यानं दुधाची किटली खाली ठेवली, चपला काढल्या आणि मामांच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिला. या खेपेलाही रीत जराही चुकली नाही.

दोन मिनिटं झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मामा, कोण गेलं?"

मामांनी डोळे न उघडताच हुंदका दिला. "आमचा हणमंत."

त्यानं मामांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "आजच तर हो त्याचं नाव छापून आलं होतं!"