आवडूने सोडलेली पाती

ऐका, तुमच्या पणज्याच्याही जन्माआधीची ही गोष्ट. कातळवणच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळमाळावर, खाडीच्या तोंडाशीच, समुद्राकडे तोंड करून, एक दगडी पवनचक्की उभी होती. सात वाड्यांची नाचणी तिथे दळली जाई. पुढे बाजारात इंजिनाची गिरणी आली आणि चक्कीला कोणी विचारेना. चक्कीवाला घाडी त्या दुःखानेच गेला, असं म्हणतात. मागे राहिली त्याची बायको आवडू. ना मूल, ना हातभर जमीन. तिने पाती काथ्याच्या दोरांनी जखडली आणि चक्कीचंच घर केलं. एकटीने जमीन चोपली, भिंती लिंपल्या. बारा वर्षं खपली बिचारी. पाती सुटली तर जुन्या भिंती टिकायच्या नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग आश्विनातल्या एका दुपारी वादळ उठलं. गावच्या सात होड्या बाहेर होत्या. पावसात खडक कुठे नि खाडीचं तोंड कुठे, काही दिसेना. बायका सड्यावर येऊन आकांत करू लागल्या. आवडूचं त्या होड्यांत कोणीच नव्हतं. तिने एकदा घराकडे पाहिलं. जीव तुटला तिचा. का नाही तुटणार? पण बायकांकडून तिने लाल-हिरवी लुगडी मागवली, पात्यांना आवळून बांधली आणि कोयता उचलला.

“आवडू, घर मोडात गो तुजा!” शेजारीण ओरडली.

“घर परत बांधूक येता. माणसां खंयसून आणू?”

दोर तुटले. पाती गरगरू लागली. इतकी वर्षं कोरडा पडलेला लाकडी आस घासून पेटला असता, म्हणून आवडू आत चढली आणि त्यावर खोबरेल ओतत बसली. बुधली एवढीशी, पण तेल तीन तास सरलं नाही, असं म्हणतात. फिरते रंग बघत सहा होड्या आल्या. सातवी वाळूला लागली, तेव्हा भिंत फुटली आणि चक्की आवडूला पोटात घेऊन खाली बसली.

वाचलेल्यांनीच दगडावर दगड रचून ते घर पुन्हा उभं केलं. त्याला कुलूप नाही. ज्याचं छप्पर गेलं, त्याने तिथे राहावं. गाव भाडं विचारत नाही. एरवी सारवण हे बायकांचं काम. पण आवडूचं घर दर आश्विनात पुरुष सारवतात, आणि शेणाचा पहिला हात त्या त्या वर्षी समुद्राच्या तडाख्यातून जिवंत परतलेल्याचा असतो.