पट्टीच्या रेषेला भोक

कंपासपेटीचं झाकण अजून नीट लागत होतं, त्या काळातली ही गोष्ट. पेटीत पट्टी, झिजून बोटभर उरलेली पेन्सिल आणि खोडरबर राहत होते.

एकदा आलेख काढायला गणित आलं: वर x² − 4, खाली x − 2. पेन्सिलीने वरचे अवयव पाडले, सारखं होतं ते काटलं. उरलं नुसतं x + 2.

"म्हणजे सरळ रेषा!" पट्टी ओरडली. "सरका सगळे, हे माझं काम!"

"पट्टीताई, थांबा जरा," पेन्सिल म्हणाली. "x दोन झाला की मूळ गणितात छेद शून्य होतो. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे बिंदूच नाही. तेवढ्या जागी बारीकसं पोकळ वर्तुळ सोडू."

"माझ्या रेषेला भोक? लोक काय म्हणतील?"

"मी हळूच पुसतो, कुणाला कळणार नाही," खोडरबर कुजबुजला. पट्टीने त्याला अशी धार दाखवली, की तो कोपऱ्यात जाऊन बसला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड रेषा निघाली. पट्टी मुळातच ताठ, त्या दिवशी आणखी ताठली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही तपासली. एवढ्या लांब रेषेचं त्यांना काहीच कौतुक नव्हतं. नेमक्या त्याच जागी लाल पेन गरकन फिरलं आणि एक गुण गेला.

पट्टी पेटीत पालथी पडून राहिली. शेवटी पेन्सिलच म्हणाली, "ताई, आपण टिकलीएवढं काढणार होतो. बाईंनी बांगडीएवढं काढलं."