भिवराची बिनकाठाची परडी

गावाला वेस नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खैरगावात भिवरा नावाची बुरडीण राहायची. एके सकाळी ती अंगणात बसून, नुकत्याच सासरी गेलेल्या लेकीसाठी परडी विणत होती. कोंबड्या दाणे टिपत होत्या. परडीचा फक्त काठ वळायचा राहिला होता, तेवढ्यात लेकीच्या गावचा माणूस आला.

"मावशी, चंद्रीला पान लागलं, साप चावून गेली ती," तो उभ्यानेच म्हणाला. "अंगणात पट्ट्यांचा साप निघाला. सगळे म्हणाले कवड्या आहे, त्याला कुठलं विष? तिनं केरसुणीनं सारला. ती मण्यार होती."

भिवराला दोन्ही साप ओळखता यायचे. असं म्हणतात, ती रडली नाही. तिने परडी तशीच आढ्याला टांगली.

वर्ष सरलं. शेजारी कोंडाजीच्या घरी नवी सून आली, सगुणा. दिवेलागणीला ती अंगणात तांदूळ पाखडत होती. तुसाच्या ढिगातून काळं शेपूट वळवळत बाहेर पडलं आणि तिच्या पावलावर टेकलं. त्यावर पांढरे पट्टे होते. डोकं तुसातच होतं.

"कवड्या आहे गं. झटक पाय," कोंडाजी ओसरीवरून म्हणाला.

"हलू नकोस, पोरी," कुंपणापलीकडून भिवरा म्हणाली.

कोंडाजी हसला. "भिवरे, तुला आता सुंभाचीही मण्यार दिसते."

"कवड्याचे पट्टे मानेशी ठळक असतात, शेपटीकडं विरतात. हिचे शेपटीकडंच ठळक आहेत, जोडीजोडीनं. आता हस."



भिवराने आढ्याची परडी काढून आणली, सगुणाच्या पावलाशी आडवी ठेवली आणि मागे सरली. असं म्हणतात, तेव्हा पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही. मण्यार सावकाश सगुणाच्या घोट्यावरून गेली, आणि तेवढ्या वेळात त्या पोरीची एक बट पांढरी झाली. मग मण्यार आपणहून परडीत शिरली आणि वेटोळं करून बसली.

भिवरा तिला ओढ्यापलीकडे सोडून आली. असं म्हणतात, ती परतली तेव्हा परडीच्या कामट्यांवर पांढरे पट्टे उमटले होते. एका बाजूला ठळक, दुसरीकडे विरत गेलेले.

खैरगावात नवी सून आजही उंबरठ्याआधी अंगणात थांबते. सासू तिच्या हाती पट्ट्यांची परडी देते, ठळक बाजूवरून तिचं बोट फिरवते आणि सांगते, "ही मण्यारीची शेपटी. भिवराची आण आहे, आधी बघ, मग हल."

परडी दर लग्नाला नवी विणतात. काठ मात्र कुणी वळत नाही.