भरल्या गळ्याचं पाखरू

वाराणसीत राजा सुखाने राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. पण हिमालयातल्या त्या उंच कुरणापर्यंत त्याचा हुकूम कधी पोचला नाही. तिथे बोधिसत्त्व गवताचं बी टिपणारं, चिमणीएवढं पाखरू होऊन जन्मले होते.

त्याच कुरणावर रोहिता नावाची विधवा मेंढपाळीण राहत असे. त्या वर्षी बर्फ अवेळी पडलं. गवत गडप झालं. तिची वीस मेंढरं उपाशी उभी, त्यातली निम्मी गाभण. बाईचाही तिसरा उपास. पाखरं धरायला तिने केसांचा फास मांडला, आणि त्यात नेमके बोधिसत्त्व सापडले.

मान मुरगळायला तिने बोटं लावली आणि थबकली. पाखराच्या गळ्याखालची थैली दाण्यांनी टच्च भरलेली होती.

"अगं बाई! सगळं रान गाडलं गेलंय, आणि तू मेल्या जेवतोस कुठे?"

"आई," बोधिसत्त्व म्हणाले, "कड्यामागच्या उतारावर वाऱ्यामुळे बर्फ टिकत नाही. सोडलंस तर वाट दाखवीन."

"आणि उडून गेलास म्हणजे?"

"माझ्या एका घासाने मेंढरांचं पोट भरायचं नाही, आई."

रोहिताने मेंढरांकडे पाहिलं आणि मूठ उघडली. पाखरू भुर्रकन कड्यापलीकडे दिसेनासं झालं. "घ्या! हातचंही गेलं," म्हणत ती मटकन बसली आणि रडू लागली.

तिकडे बोधिसत्त्वांचा बेत ऐकून थव्यातला म्हातारा पक्षी तडकला. "शहाणाच आहेस! हिवाळाभराचं अन्न आहे ते आपलं. मेंढरं शिरली की आपण काय वारा खायचा?"

"भीती मलाही वाटते, आजोबा. पण मला धरलेला तिचा हात भुकेने कापत होता. आता गप्प कसा बसू?" असं म्हणून बोधिसत्त्व परतले आणि तिच्या काठीवर बसले.

उतारावर पोचताच मेंढरं धावली. गवताच्या तुऱ्यांवर बसलेला थवा पाहून रोहिताने काठी आडवी धरली. "थांबा गं! आधी घरच्या धन्यांचं." डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी तिने तुरे ओरबाडून ओच्यामागून ओचा भरला, दाणे खडकाच्या कपारीत ओतले, मगच मेंढरं सोडली. शेवटची मूठ तेवढी स्वतःच्या तोंडात टाकली. त्या हिवाळ्यात ना मेंढरू मेलं, ना पाखरू.

विहारात भिक्षूंना ही गोष्ट सांगणारे त्यांचे गुरू, शास्ता, इथे थांबले. मग म्हणाले, "ती रोहिता म्हणजे ही आपली म्हातारी भिक्षुणी. पाखरांना मूठ टाकल्यावाचून हिला घास जात नाही, आणि तुम्ही हिला हसता. काल सगळ्यांत मोठ्याने हसलेला भिक्षू, तो थव्यातला आजोबा. पाखरू मी होतो. आपल्याला पुरेल की नाही हे ठाऊक नसताना दिलं, त्याचं नाव दान."

दुसऱ्या दिवशी विहाराच्या दगडावर दाण्यांच्या दोन मुठी होत्या.