मनीच्या खडकावरची गाबोळी

तिवरपाड्याच्या किनाऱ्यावर, होड्या ओढून ठेवतात तिथून थोडं पुढे गेलं की एक सपाट काळा खडक लागतो. त्यावर वीतभर उंचीची दगडी मांजरी बसवलेली आहे. तिचे कान खाऱ्या वाऱ्याने झिजलेत, शेपटीचा तर पत्ताच नाही, पण कपाळाला शेंदूर नेहमी ताजा असतो. पाहुणे तिला बघून हसतात, फोटो काढतात. शेजारी बोंबील वाळत घालणारी सुभद्राबाय त्यांचं हसू संपेपर्यंत थांबते.

"दुसऱ्या गावान वाघोबा पूजतान," ती म्हणते. "आमचे गावान वाघाची मावशी. बसा, सांगतंय."

आणि मग ती सांगते ती गोष्ट अशी.

फार वर्षांपूर्वी या वस्तीत पोसाबाय नावाची एक सुईण होती. वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिचा शब्द खाली पडत नसे. जिभेची मात्र ती भारी चोखंदळ. माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी, म्हणजे गाबोळी, हा तिचा जीव की प्राण. घोळ माशाची गाबोळी हळदमीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकली की पोसाबाय चुलीपासून हलत नसे, असं सांगतात.

पण त्या काळी गावात एक नेम होता. गाबोळी म्हणजे दर्याची न जन्मलेली लेकरं. पोटुशी बाईने ती खाल्ली तर दर्या तिचंही लेकरू मागून घेतो. म्हणून पुरुषांनी खावी, म्हाताऱ्यांनी खावी, गरवार बाईने तिच्याकडे बघूही नये. घरोघरी गाबोळीतून दर्याचा वाटा काढत आणि तो तिन्हीसांजेला या खडकावर ठेवत. सकाळी वाटा दिसला नाही, की दर्याने नेला म्हणून सगळे हात जोडत. हा नेम कुणी घातला ते पोसाबायलाही माहीत नव्हतं. पण तो पाळून घेण्यात तिच्याइतकं कडक कुणी नव्हतं.

तिच्या मुलाचं नाव लखू, सुनेचं चांगुणा. चांगुणा जाळी विणण्यात गावात पहिली. मात्र तिची कूस दोनदा रिकामी झाली होती. दोन्ही वेळा दिवस भरण्याआधीच. दोन्ही वेळा पोसाबायने आपल्या हातांनी तिवरांच्या मागे वाळू उकरली होती, आणि घरी येऊन भांडी घासत बसली होती. नेम तर दोन्ही वेळा काटेकोर पाळला होता. मग चुकलं कुठे, हे तिला कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पोट दिसू लागलं तेव्हा पावसाळा होता, होड्या वर ओढलेल्या. घरात पेज आणि सुकट, आणि तीही पुरुष जेवल्यावर उरेल तेवढी. चांगुणाचे ओठ पांढरे पडले. नारळी पुनवेला दर्या उघडला, घरात ओली मासळी आली, भरल्या गाबोळ्या आल्या, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जाळं विणता विणता चांगुणाचा हात थांबला.

"आये, मना दोरा दिसत नाय."

पोसाबायने दिवा लावून जवळ धरला. चांगुणा दिव्याकडे तोंड करून बसली होती आणि दोरा सुईच्या भलतीकडेच नेत होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिला नीट दिसलं, पण संध्याकाळ होताच पुन्हा अंधार. ती उंबऱ्याला अडखळून पडली तेव्हा पोसाबायने धावत जाऊन तिला उठवलं. हेही लेकरू जाणार, असं तिला वाटलं आणि ती घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा इतकी घाबरली.

त्या संध्याकाळी तिने दर्याचा वाटा रोजच्या दुप्पट काढला. खडकावर ठेवला, डोकं टेकलं, करुणा भाकली. घराकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत आठवलं, टोपली तिथेच राहिली. परत येऊन पाहते तो खडकावर एक मांजरी. दर्याचा वाटा मिटक्या मारत खात होती.

पोसाबायने खाली पडलेलं वल्हं उचललं. मांजरी पळाली नाही. तिला पळवतच नव्हतं, कारण तिचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. तीही गाभणीच होती.

वल्हं तसंच हातात राहिलं. ही मांजरी पोसाबायच्या ओळखीची होती. वर्षातून दोनदा कुणाच्या ना कुणाच्या होडीत विणारी, दर खेपेला चार-पाच पिल्लं, आणि सगळी ठणठणीत. निम्म्या गावातली मांजरं हिचीच. म्हणजे इतकी वर्षं दर्याचा वाटा दर्याने कधी नेलाच नव्हता. हीच खात होती, पोटात पिल्लं असताना खात होती, आणि दर्याने तिचं एकही पिल्लू मागितलं नव्हतं.

पोसाबाय खडकावर बसली आणि रडली. तिवरांमागची ती दोन नातवंडं तिला आठवली. त्यांच्या आईच्या तोंडचा घास आपणच काढून घेतला, तोही देवाच्या नावाने, आणि स्वतः मात्र चुलीशी बसून चवीने खाल्ला, हे तिला त्या क्षणी कळलं.

मग तिने डोळे पुसले आणि दर्याकडे तोंड करून नवस बोलली. "आजपासून माझ्या वाट्याची गाबोळी माझी सून खाईल. मी मरेपर्यंत तोंडाला लावणार नाय. पाप लागला त मना लागू दे."

घरी येऊन तिने तवा ठेवला. लखूचा चेहरा उतरला. तो म्हणाला, गाव वाळीत टाकेल, तुला कुणी बाळंतपणाला बोलावणार नाही. पोसाबाय म्हणाली, "होडीवर तू तांडेल. चुलीवर मी."

चांगुणाचा हात ताटाकडे जाईना. तेव्हा सासूने घास केला आणि स्वतः भरवला. "खा गो पोरी," एवढंच म्हणाली.

गाव खरंच बोललं. पाणवठ्यावर बायका तिला बघून गप्प होत. कुणाला वेणा लागल्या तर शेजारच्या गावाहून सुईण आणत. पोसाबाय मुकाट्याने सगळं सोसत होती, आणि रोज तिन्हीसांजेला सुनेपुढे सुई आणि दोरा ठेवत होती. पंधरा दिवस गेले, वीस गेले. महिना होत आला तेव्हा एका संध्याकाळी, दिवा लागायच्या आत, चांगुणाने दोरा ओवला. सासूने तो काढून पुन्हा ओवायला लावला, तेव्हा कुठे तिची खात्री पटली. मार्गशीर्षात चांगुणा सुखरूप सुटली. मुलगी झाली, आणि तिचं रडणं म्हणे पाणवठ्यावर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या तीन सासवा गुपचूप मागल्या दाराने येऊन गरवार सुनेला गाबोळी कशी द्यायची ते विचारून गेल्या.

"आता दवाखान्यातली डॉक्टरीण सांगते," सुभद्राबाय पाहुण्यांना म्हणते, "गाबोळीन प्रथिना हान, डोळ्यांना अ जीवनसत्त्व, हाडांना ड, रगताला बी-बारा. नीट शिजवून खावा, बोलते. पोसाबायला यातला एक नाव ठावूक नव्हता. तिला मांजरी ठावूक होती."

पोसाबायने नवस शेवटपर्यंत पाळला. चुलीवर गाबोळी चढली की ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसे, वास येऊ नये म्हणून. म्हातारपणी चांगुणा ताट घेऊन मागे लागली, आता पुरे, एक घास खा म्हणाली, तर म्हातारीने तोंड फिरवलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चांगुणाने गाबोळी तळली, या खडकावर आणली आणि दोन तुकडे ठेवले. एक मांजरीला. दुसरा ठेवताना ती म्हणाली, "आये, आता खा. फिटला नवस."

पुढे गावाने त्याच खडकावर ही दगडी मांजरी बसवली. आजही तिवरपाड्यात दर्या उघडला की हंगामातली पहिली गाबोळी कुठलीच सासू चाखत नाही. ती गरवार सुनेला स्वतःच्या हाताने भरवते. सून त्याआधी खडकावर दोन तुकडे ठेवते आणि बाजूला होते. थोड्या वेळाने वस्तीतली एखादी मांजरी येते आणि दोन्ही खाते. तिला कुणी हुसकत नाही.