शहाण्णव टक्क्यांची कुस्ती

"ओतकाम का सोडलंस?" हिंदुराव वस्तादांनी विचारलं.

"सोडलं नाही, वस्ताद. घेतलंच नाही. ऐच्छिक विषय होता. निम्मा वर्ग त्यात गटांगळ्या खातो."

"मग घेतलंस काय?"

"व्यक्तिमत्त्व विकास. शहाण्णव पडले!"

रणधीर लहानपणी कोल्हापूरच्या याच तालमीत घुमला होता. आता इंजिनिअर झाला होता. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स होता. त्यावर फोटो होता, टक्के होते, दोन ओळी भरून शुभेच्छुक होते. विषयांना जागा उरली नव्हती.

"आणि उद्या मुलाखत कुठं?"

"फाउंड्रीत. ओतकाम विभागात."

वस्तादांनी खांद्यावरचा पंचा झटकला.

"आशीर्वाद द्या, वस्ताद. ही नोकरी हुकली तर वर्ष घरात बसून काढावं लागंल."

"त्यांनी विषय बघितले तर?"

"साहेब लोकांना एवढा वेळ कुठला? टक्के बघायचे आणि सही ठोकायची."

"बरं… लंगोट चढव. आज तुझी जोड तूच ठरव."

हौद्यात तालमीतले खंदे गडी माती अंगाला लावून उभे होते. रणधीरने एकेकाला नीट न्याहाळलं. नजर इंजिनिअरची, हिशेब पक्का. मग गुडघ्याला पट्टी बांधून कडेला बसलेल्या महिपतीकडे त्याने बोट दाखवलं.

"मी?" महिपती म्हणाला. "आरं, मी सध्या बैठकासुदिक मारत न्हाई."

"उठा की, पैलवान! भ्यालासा काय?"

महिपतीने वस्तादांकडे पाहिलं. वस्तादांनी मान हलवली. तो लंगडत हौद्यात उतरला.

डोळ्याचं पातं लवायच्या आत महिपतीची पाठ मातीला लागली.

टाळी कुणीच वाजवली नाही. रणधीरला तिची गरज भासली नाही. तो दंड थोपटतच बाहेर आला.

"किती गुण, वस्ताद?"

"शंभर."

"बघा! शहाण्णववरनं शंभर." तो पाया पडला.

वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा. उद्या ताठ मानेनं बस. फक्त, जोड कुणाशी लागली होती हे त्यांनी विचारायच्या आत उठून ये."